मालीची अर्धीच गोष्ट

मिलिंद भावजी,

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यासाठी दोन पानं ठेवली आहेत आणि त्यांत मी ‘चार चांगले शब्द’ लिहावेत असं ठरलं आहे. शनिवारपर्यंत द्यायचे. अंकाचे लेख गोळा करण्याचं काम दर वर्षी माझ्याकडेच असतं, त्यामुळे उशीर झाला तर मलाच मी फोन करून झापायला हवं. चार दिवस कागद पुढे घेऊन बसले. चांगले शब्द आले नाहीत. राग आला. तोच लिहिते आहे. दोन पानांत मावला नाही तर तिसरं पान द्यावं, मधलं काही कापू नये.

तुमचा जन्म, शिक्षण, आखातातली वर्षं हे सगळं दुसऱ्या कोणी लिहून दिलं आहे. त्यात दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. माझं त्या माहितीशी काही काम नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात हा पहिला राग.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. तुम्ही माझ्या नवऱ्याचे, अजितचे, पहिल्या कंपनीतले मित्र. ओमानमधल्या दुक्मच्या प्रकल्पावर सर्व्हेअर. तुमच्या पत्नी सुनंदाताई तिकडे मूर्तिजापूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून तुम्ही इथे एकटे. गुरुवारी काम संपलं की साडेपाचशे किलोमीटर गाडी हाणत मस्कतला यायचं, शुक्रवारी दुपारी वादी अदाईला आमच्याकडे जेवायचं, आणि जेवताना आफ्रिकेबद्दल बोलायचं. सहा वर्षं हाच क्रम.

आफ्रिका तुमच्या डोक्यात घातली सलीमने. सलीम तुमच्या साइटवरचा ओमानी सहकारी, सरकारी परवानग्यांची कामं बघणारा. त्याची आजी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, म्हणून तो घरी स्वाहिली बोलायचा आणि तुमच्याशी हिंदी. त्याने तुम्हाला किल्वा नावाच्या जुन्या बंदराबद्दल सांगितलं. आफ्रिकेच्या पोटातलं सोनं त्या बंदरात यायचं आणि वाऱ्याचा हंगाम धरून गलबतांनी अरबस्तानाला, आपल्या गुजरातेला जायचं. दुसरा कोणी ‘अच्छा’ म्हणून जेवायला बसला असता. तुम्ही पुस्तकं मागवलीत. किल्वावरून निघालात ते वाळवंट ओलांडून पार पश्चिमेला, घाना आणि माली आणि सोंघाईच्या साम्राज्यांत पोचलात, आणि तिथून परत आलाच नाहीत.

मला पहिला शुक्रवार आठवतो. तुम्ही ताटातलं मीठ बोटाने एका बाजूला केलंत आणि म्हणालात, “वहिनी, सहारात टागाझा म्हणून एक गाव होतं. तिथं घरं मिठाची. मिठाच्या लाद्या कापायच्या, भिंती रचायच्या, वर उंटाचं कातडं. आणि त्याच लाद्या उंटावर लादून दक्षिणेला न्यायच्या आणि सोनं घेऊन यायचं.”

“आणि पाऊस आला म्हणजे?”

“तिथं पाऊस येत नाही.”

“मस्कतलाही येत नाही म्हणतात. दोन वर्षांनी एकदा येतो आणि आमच्या खालच्या गल्लीतल्या गाड्या वादीच्या पुरात वाहून जातात. त्या गावाने काही सोय केली होती की नाही?”

तुम्ही अजितकडे वळून म्हणालात, “अजित, मालीच्या सम्राटाले अशी एक बाई मिळाली असती ना, तर साम्राज्य आजवर टिकलं असतं.” आणि मग हळूच, “पण सम्राट पळून गेला असता.”

माझ्याशी असं कोणी बोलत नाही, भावजी. ऑफिसात मी गाड्या, कॅम्पच्या खोल्या, विमानाची तिकिटं असं सगळं बघते. दीडशे माणसांची ये-जा माझ्या हातात. लोक मला घाबरतात, आणि ते मला सोयीचंही आहे. तुम्ही घाबरला नाहीत. त्याबद्दल कधी आभार मानले नव्हते. आता मानते, पण राग कमी करून घेणार नाही.

मुलांच्या कार्यक्रमाचं घ्या. मंडळात मुलांना मराठी बोलायला लावायचं म्हणून महिन्यातून एक तास ठेवला होता. तुम्ही म्हणालात, मी घेतो. मला म्हणालात, वीस पिशव्या मीठ आणा आणि पाच किलो शेंगदाणे. मी आणले. तुम्ही मुलांचे दोन गट केलेत. एक गट मिठाचे ढीग मांडून पडद्यामागे जाणार. दुसरा गट येऊन प्रत्येक ढिगाशेजारी सोनं, म्हणजे शेंगदाणे, ठेवून जाणार. पहिल्यांना भाव पटला तर शेंगदाणे उचलायचे, नाही पटला तर ढीग तसाच ठेवून परत पडद्यामागे. कोणी कोणाला बघायचं नाही, कोणी एक शब्द बोलायचा नाही.

“अंकल, टॉक नाही करायचं? ऍट ऑल?” एका मुलीने विचारलं.

“ऍट ऑल,” तुम्ही म्हणालात.

मराठी बोलण्याचा तास, आणि हॉलमध्ये पस्तीस मिनिटं शांतता. मागच्या खुर्च्यांवर आईवडील बसले होते. सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले, “अहो, पोरांना बोलतं करायला बोलावलं यांना, हे तर मुकंच करून बसले.” शेवटी पडदा काढला, मुलांनी एकमेकांचे ढीग पाहिले आणि जे भांडण सुटलं! ‘तू चीटिंग केलंस’, ‘एवढं मीठ नव्हतं’, ‘माझे दाणे दे परत’. तुटकं, मोडकं, पण सगळं मराठीत, कारण इंग्रजीत भांडाल तर दाणे मिळणार नाहीत अशी तुमची अट होती.

आणि मग, सगळं आवरून मी मीठ पिशव्यांत परत भरत असताना, तुम्ही मला म्हणालात की असा मुका व्यापार खरंच होत होता की नाही हे कोणालाच नक्की माहीत नाही. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं, दुसऱ्याकडून ऐकलं होतं.

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही मीठ आणलं नसतं.”

हीच तुमची खोड. गोष्टीचा जो भाग तुमच्या सोयीचा तो आधी सांगायचा. दुसरा भाग मीठ सांडल्यावर.

आपलं मोठं भांडण वेगळंच होतं आणि ते राहिलंच. मालीत राजघराण्याचा, मोठ्या कुळांचा इतिहास पाठ ठेवणारे लोक असत, पिढ्यानपिढ्या. त्यांना जेली म्हणतात. कोणी मेलं, कोणाचं लग्न झालं, कोणाशी तह झाला, सगळं त्यांच्या तोंडी. मी म्हणायचे, जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरून चालावं. माझं ऑफिस तसंच चालतं. तुम्ही म्हणायचात, “वहिनी, कागद कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. जेलीले सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागते. चुकला तर तिथल्या तिथं पकडणारा म्हातारा समोर बसलेला असतो. तुमच्या यादीले कोण पकडते?” मी म्हणायचे, माझ्या यादीत चूक नसते. तुम्ही हसायचात. गेल्या रमझानपासून हे असंच चालू होतं आणि दोघांनीही हार मानलेली नव्हती.

आता मूळ गोष्टीवर येते.

तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी चवळीची उसळ केली होती, आमच्या कोकणातल्यासारखी, नारळ घालून. तुम्ही ताट बघून मोठ्याने हसायला लागलात. म्हणालात की मालीत एक प्रथा आहे, सानांकुया. साम्राज्य उभं राहिलं तेव्हा सभा भरली आणि कुळांच्या जोड्या लावून दिल्या, असं तिथे सांगतात. या आडनावाचा माणूस त्या आडनावाच्या माणसाला वाटेल ते बोलू शकतो. म्हातारा असो, अधिकारी असो, अनोळखी असो. राग मानायचा नाही. आणि सगळ्यात ठरलेली शिवी कोणती, तर ‘तू चवळी खातोस’. एवढीच. आजही तिथल्या बाजारात दोन अनोळखी माणसं आडनावं सांगतात आणि लगेच ‘चवळीखाऊ, चवळीखाऊ’ सुरू करतात.

“आपल्याकडे दीर-भावजयीचं असतं तसं,” मी म्हटलं.

“बरोबर! म्हणून ठरलं. आजपासून तुम्ही माझ्या सानांकू. तुम्ही मले चवळीखाऊ म्हणायचं, मी तुम्हाले नारळखाऊ. राग मानेल तो बुडालेल्या घाना साम्राज्याचा.”

तेव्हापासून आपण एकमेकांना नीट हाक मारली नाही. त्याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. तेलाचे भाव पडले, अजितच्या कंपनीत पगार कापले, तेव्हा अजित म्हणाला की लांब माबेलाला राहायला जाऊ, घर मोठं आणि भाडं कमी. मी म्हटलं, रोज रुवीच्या ऑफिसात यायला-जायला दोन तास मी गाडीत घालवणार नाही. नऊ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तुम्ही शुक्रवारी आलात, दोन मिनिटांत ओळखलंत आणि ताटावर बसून मला आणि अजितला जे बोललात ते इथे छापता येणार नाही. मला म्हणालात, “नारळखाऊ, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारावरही हजेरीपट लावला असेल.” अजितला म्हणालात, “आणि हा उंट, दोन तास गाडीत बसून याले काय फरक पडते? घरीही हा गाडीत बसल्यासारखाच बसते.” आम्ही दोघं हसलो आणि मग हसल्यामुळे बोलावंच लागलं. आम्ही वादी अदाईतच राहिलो. मालीतही सानांकूचं हे एक काम असतं, भांडण मिटवायचं, असं तुम्ही जाताना दारात सांगितलंत. तोही भाग तुम्ही काम झाल्यावर सांगितलात.

त्या मंगळवारी साडेबाराला तुमचा फोन आला. मी ऑफिसात डबा उघडला होता. जे बोलणं झालं ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. अजितलाही नाही.

“काय नारळखाऊ, जेवलात?”

“जेवतेय. तुम्ही?”

“जेवण जात नाही. सकाळपासून छातीवर कोणी टागाझाची लादी ठेवली असं वाटून राहिलं.”

“चवळीखाऊंच्या छातीत दुसरं काय होणार? सोडा प्या आणि कामाला लागा.”

तुम्ही हसलात. मग म्हणालात, “हुकूम आहे काय, वहिनी?”

“हुकूम कसला? मला एकला मीटिंग आहे. शुक्रवारी बघते तुमच्याकडे.”

“बरं,” म्हणालात. पुन्हा हसलात. ठेवलात.

फोन ठेवल्यावर मी माझ्या वहीत लिहिलं: भावजी, छाती? शुक्रवारी विचारणे. प्रश्नचिन्हासकट. मग मी मीटिंगला गेले. चार वाजता अजितचा फोन आला. साइटवरच्या ऑफिसात खुर्चीतच तुम्ही गेला होतात. डॉक्टरपर्यंत पोचवायला माणसं धावली, पण पोचवायला काही उरलं नव्हतं.

पुढचे पाच दिवस मी फार चांगलं काम केलं. अकरा गोष्टींची यादी होती. दाखला, दूतावासाचं पत्र, व्हिसा रद्द करणं, विमानाच्या सामानखात्यात जागा, नागपूरला उतरवून घेणारी गाडी. पाचव्या दिवशी अकराच्या अकरा झाल्या. विमानतळावरून परतताना सगळे म्हणत होते, वहिनींनी किती व्यवस्थित केलं. मला गाडीचं दार उघडून रस्त्यात उतरावंसं वाटत होतं. त्या सगळ्या कामांपेक्षा सोपं एक काम मंगळवारी साडेबाराला होतं. साइटवरून तुम्हाला दवाखान्यात न्यायला गाडी लावायची. ते मी रोज करते. दीडशे माणसांसाठी करते.

तुम्हाला घेऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी सुनंदाताईंचा फोन आला. शांतपणे सगळं विचारलं. सामानाचं काय, सलीमला निरोप दिला का. मग म्हणाल्या, “वहिनी, त्या दिवशी तुमच्याशी काही बोलले होते का ते?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढाच एक शब्द. विचार न करता. त्या “बरं” म्हणाल्या, अगदी तुमच्यासारखं, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या शुक्रवारी मंडळाने शोकसभा घेतली. त्रिशरण झालं. लोक बोलले. तुम्ही किती मनमिळाऊ, किती निगर्वी, किती अभ्यासू. तुम्हाला आवडलं नसतं, आणि मी मनात म्हणत होते की आता ऐका, पळून गेलात ना, मग ऐका. तेवढ्यात मागच्या रांगेतून सलीम उठला. पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्यावर कुम्मा टोपी. तो सरळ माइकपाशी गेला, आणि बोलायच्या आधी चालून दाखवलं. तुमचं चालणं. एक खांदा वर, हातात नसलेला तिपाई स्टँड, दर चार पावलांनी मागे वळून बघणं. हुबेहूब. मग म्हणाला:

“ये आदमी दुनिया का सबसे खराब ड्रायव्हर. दुक्म से मस्कत, जितना कॅमेरा उतना फोटो. सरकार के पास इसका जितना फोटो है, इसकी बीवी के पास भी नहीं है. और झूठा! मेरे को बोला, सलीम, पोहा बहुत हलका खाना है. मैंने खाया. दो दिन मैं उठा नहीं.”

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. सेक्रेटरी अर्धे उठले, शेजाऱ्याला म्हणाले, “अरे, यल्ला, चला, उतरवा त्यांना खाली. हे काय चाललंय?” आणि मी हसले. एकटीच, मोठ्याने. अजितने माझा हात धरला. मला हसू थांबवता येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघू देत. त्या संध्याकाळी तुमच्याविषयी एकच माणूस खरं बोलला.

बाहेर पार्किंगमध्ये सलीमने माझी माफी मागितली. म्हणाला, “मॅडम, हमारी दादी के गाँव में मैयत पे ऐसा होता है. उतानी बोलते हैं. जिसका मज़ाक का रिश्ता है, वो मैयत पे आके मरे हुए को गाली देगा. उसकी नकल करेगा. नहीं दिया तो मतलब दोस्त नहीं था.”

“मला माहीत आहे,” मी हिंदीत म्हटलं. “मालीमध्येही आहे. भावजींनी सांगितलं होतं. वाटेल ते बोलायचं, राग मानायचा नाही.”

“हाँ. वो आधा है.”

“आधा?”

“हँसी आधा है, मॅडम. दूसरा आधा ये कि मना नहीं कर सकते. मज़ाकवाला बोले पानी दो, तो पानी. बकरी माँगे, तो बकरी. बोले झगड़ा बंद, तो बंद. बोले घर बैठो, तो बैठना. बाप का हुकुम टाल सकते हो, उसका नहीं.” मग माझ्याकडे बघून, “मिलिंद ने नहीं बताया? मेरे को तो वो ही सिखाता था. बोला, माली में भी सेम.”

भावजी, मी घरी आले आणि कपडेही न बदलता तुमच्या पुस्तकांचं खोकं उघडलं. दुक्महून आलेलं, मूर्तिजापूरला पाठवायचं. मालीचं जाड पुस्तक सापडलं, त्या प्रथेचं प्रकरणही सापडलं. सानांकूचा शब्द मोडता येत नाही, अशा अर्थाची ओळ होती. तिच्याखाली तुमची लाल पेन्सिल. मोजपट्टी धरून मारलेली सरळ रेघ. नकाशावर मारता तशी.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं. चवळीखाऊ म्हणायचा अधिकार मला दिलात आणि हुकूम द्यायचा अधिकार लपवून ठेवलात. का, तेही मला कळतं. मला तो मिळाला असता तर सिगारेट पहिल्या आठवड्यात सुटली असती. गाडी शंभराच्या पुढे गेली नसती. दर सहा महिन्यांनी तपासणी, तिचा कागद माझ्या फाइलमध्ये. तुम्हाला ते नको होतं. तुम्हाला फक्त हसायचं होतं. म्हणून तुम्ही मला मालीची अर्धी गोष्ट सांगितलीत आणि मी ती पूर्ण समजून तीन वर्षं वापरली. मला अर्धी माहिती देणाऱ्या माणसाला मी ऑफिसात उभं करत नाही.

आणि मंगळवारी साडेबाराला त्याच माणसाने मला विचारलं, हुकूम आहे काय. ज्या गोष्टीचं नावही मला सांगितलं नव्हतं, ती तुम्ही मागितलीत. थट्टेच्या आवाजात. आपल्यात दुसरा आवाज ठेवलाच नव्हता आपण. मी तुम्हाला कधी नीट ‘कसे आहात’ विचारलं नाही, तुम्ही कधी नीट ‘बरा नाही’ म्हणाला नाहीत. अशा दोन माणसांत एकाच्या छातीत दुखलं तर ते दुसऱ्याला कोणत्या शब्दांत कळावं? तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत. त्यात कुठे लिहिलं होतं का की थट्टा थांबवायची असेल तर काय म्हणायचं? लिहिलं असेल तर तिथेही रेघ मारून गप्प बसला असाल.

दोन दिवस मी हा राग घेऊन फिरले. मग माझ्या लक्षात आलं की मी सुनंदाताईंना जे ‘नाही’ म्हटलं तीसुद्धा अर्धी माहितीच होती. अर्धीही नाही. खोटीच. आणि ती मी अंकात लिहून दुरुस्त करायचं ठरवत होते, म्हणजे त्यांना छापील कागदावर कळलं असतं, इतर सगळ्यांबरोबर. तेवढी हिंमत नव्हती म्हणून कागदाआड जात होते. परवा सकाळी, ऑफिसला जाण्याआधी, मी फोन लावला.

“जयभीम वहिनी,” त्या म्हणाल्या. “खोकं पाठवलं काय?”

“नाही अजून. सुनंदाताई, मी तुम्हाला खोटं सांगितलं. त्या दिवशी भावजींचा मला फोन आला होता.”

मी सगळं सांगितलं. लादी, सोडा, मीटिंग. एकही शब्द गाळला नाही. माझी चवळीखाऊची थट्टासुद्धा सांगितली. मी वाट बघत उभी होते. त्यांनी मला काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेणार होते.

“म्हणजे केला होता फोन,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“साडेबाराला?”

“साडेबाराला.”

“मले इथल्या पावणेदोनला, म्हणजे तुमच्या सव्वाबाराला, मेसेज आला होता. छाती दुखून राहिली म्हणून. मी वर्गात होते. मी लिहिलं, मले सांगू नका, वहिनीले फोन लावा. त्यांनी हुकूम केला म्हणजे तुम्हाले नाही म्हणता येणार नाही. ते नेहमी सांगायचे ना मले, वहिनीले हे माहीत नाही तेच बरं, नाहीतर रोज एक हुकूम येईन. तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा मले वाटलं, एवढंही ऐकलं नाही माणसानं. पंधरा मिनिटांचं काम सांगितलं, तेही केलं नाही. आवाज कसा होता त्यांचा?”

“हसरा. नेहमीसारखा. मला ओळखता आलं नाही, सुनंदाताई.”

“मले आलं असतं,” त्या म्हणाल्या. ओरडून नाही. मुलाची वही तपासताना बाई बोलतात तसं.

आलं असतं, भावजी. एका हाकेत आलं असतं. पण त्यांना तुम्ही लिहून पाठवलंत आणि मला आवाज ऐकवलात. आयुष्यभर आम्हाला सांगितलंत की कागदाला तोंड दिसत नाही, आणि त्या दिवशी नेमकं उलटं केलंत. त्यांनी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं, तुम्ही आलात, आणि मी दार उघडलं नाही. मग आठवडाभर तुमच्या बायकोने तुम्हाला दोष दिला, माझ्या एका शब्दामुळे. यातला तुमच्यावर रागवायचा भाग कोणता आणि माझ्यावरचा कोणता, हे मला लावता येत नाही. मी दोन्ही एकत्रच ठेवते आहे.

“वहिनी,” सुनंदाताई म्हणाल्या, “मी त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली नाही इतके दिवस. पोरगा लावते. लोक आले म्हणजे नणंद लावते. मी लावली नाही. म्हटलं, ज्यानं माझं ऐकलं नाही त्याच्यापुढे काऊन लावू?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “थांबा.”

फोन त्यांनी कुठेतरी टेकवला असावा. पावलं ऐकू आली, फडताळ उघडल्याचा आवाज आला. मी वादी अदाईच्या स्वयंपाकघरात किल्ल्या हातात घेऊन उभी होते, ऑफिसला उशीर होत होता, आणि मी ठेवला नाही. त्यांनी पहिली काडी ओढली ती पेटली नाही. दुसरी पेटली.